कोठडीतलं कासव

जुन्या न्यायालयाच्या इमारतीत दादाने पत्त्यांचं दुकान थाटलं, तेव्हा आजूबाजूच्यांना वाटलं, जुगाराचा अड्डा निघाला. सुरुवातीला जी माणसं आली ती याच आशेने आली आणि तोंड पाडून गेली. इथे जुगार नव्हता. खरं सांगायचं तर इथे खेळही नव्हता. इथे होती संग्राहकांची कार्डं: राक्षस, राण्या, पंखवाले बैल. एके काळी पोरंटोरं खाऊच्या पैशांतून त्यांची पाकिटं घ्यायची, आपापसांत अदलाबदल करायची आणि खेळून खेळून त्यांच्या चिंध्या करायची. आता तीच पोरं पोट सुटलेली माणसं झाली आहेत, आणि त्यांच्या कार्डाला कुणी बोट लावलं तर अंगावर धावून येतात.

न्यायालय नव्या काचेच्या इमारतीत गेल्यावर ही जुनी दगडी इमारत वारसा समितीच्या ताब्यात आली होती. समितीची अट एकच होती: इमारत वापरा, पण ती वापरली जातेय असं दिसता कामा नये. अट वाचून दादाला अगदी भरून आलं. कार्डांच्या बाबतीत त्याचंही धोरण नेमकं हेच होतं.

समितीची वास्तुतज्ज्ञ दर महिन्याला पाहणीला यायची. तिला सगळे वास्तूबाई म्हणत. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, न्यायाधीशांच्या खुर्चीभोवतीची दोरी सोडायची नाही, साक्षीदाराच्या पिंजऱ्याला टेकायचं नाही, असे तिचे नियम होते. दादाची आणि तिची पहिल्याच भेटीत गट्टी जमली. जगातल्या सगळ्या नासधुशीचं मूळ माणूस आहे, यावर दोघांचं एकमत होतं. माणूस म्हणजे घाम, ओल आणि बोटं. तो एकदा वगळला की लाकूडही टिकतं आणि कागदही टिकतो.

सगळ्यात महागाची कार्डं दादाने आरोपींच्या कोठडीत ठेवली होती. तिथे खिडकी नाही, ऊन नाही, हातभर जाडीच्या भिंती. आत ओल शोषणाऱ्या पुड्या आणि हवेतला दमटपणा मोजणारं एक यंत्र. ते यंत्र तो उठता-बसता बघायचा. त्याची बायको, म्हणजे वहिनी, कारकुनाच्या टेबलावर बिलं करायला बसायची. ती एकदा म्हणाली, "मला ताप आला होता तेव्हा थर्मामीटर एवढ्या वेळा बघितला नव्हतात तुम्ही."

"तुला बरं वाटणार होतं," दादा म्हणाला. "कार्ड एकदा वाकलं की वाकलं."

गिऱ्हाइकाला कार्ड बघायचं असेल तर आधी हातमोजे, मग तोंडाला फडकं, कारण श्वासातही ओल असते. एवढं करून तो विकत घ्यायला निघालाच, तर दादा उलटतपासणी सुरू करायचा. घरात ऊन कुठून येतं? लहान मुलं आहेत का? मांजर? बहुतेकांचा जामीन नामंजूर व्हायचा. वहिनीने बिलबुकावर फुलं काढायला सुरुवात केली होती.

आता या शहाण्याला दुकान चालवायचंच नव्हतं तर काढलं कशाला, असं कुणीही विचारेल. वहिनीला उत्तर ठाऊक होतं, दादाला तोंडाने म्हणता येत नव्हतं एवढंच. त्याचा धाकटा भाऊ नोकरीसाठी दूर गेला होता आणि तिकडेच रमला होता. फोनवर हवापाण्याच्या गोष्टी व्हायच्या. लहानपणी दोघे जिन्याच्या चौकात बसून तासन्‌तास याच पत्त्यांनी खेळायचे. पत्त्यांवरची लिपी परकी होती, अक्षर कळत नव्हतं, म्हणून नियम दोघांनी मनानेच बनवले होते. दुकान काढलं की धाकटा परत येईल, दोघं मिळून चालवू, असा दादाचा बेत होता. बेत त्याने इतका जपून ठेवला होता की धाकट्यालाही सांगितला नव्हता.

आणि एक दिवस धाकट्याचा फोन आला. लेकीला घेऊन एका दिवसासाठी येतोय. तिला आपला खेळ शिकवलाय. जाताना सांभाळायला दिलेले माझे पत्ते काढून ठेव.

दादाने आठवडाभर तयारी केली. फरशी पुसून घेतली, दिवा बदलला, टेबलावर मखमल अंथरली आणि तिच्यावर धाकट्याचे पत्ते ओळीने मांडले. नव्या नवरीसारखं नटवलं होतं त्याने ते टेबल. त्यातून नेमकी त्याच दिवशी वास्तूबाईची पाहणी होती, म्हणजे कौतुकाला जाणकार साक्षीदारही हजर.

धाकटा आला. सोबत त्याची मुलगी, जिला सगळे मुंगी म्हणत, हातात अर्धं खाल्लेलं बिस्किट. दादाने आधी बिस्किट पाहिलं, मग पुतणी.

धाकटा टेबलापाशी गेला आणि थांबला. प्रत्येक पत्ता जाड, टणक प्लास्टिकच्या चपट्या पेटीत होता. पेटी चारी बाजूंनी वितळवून बंद केलेली. वर छापील पट्टी: अनुक्रमांक, साल, आणि पत्त्याची अवस्था तपासून कंपनीने दिलेले दहापैकी गुण. या धंद्यात त्या पेटीला स्लॅब म्हणतात. ते स्लॅब घरी आले तेव्हा वहिनीला वाटलं होतं, वरचा मजला चढतोय.

"हे काय केलंस?" धाकट्याने विचारलं.

"सांभाळले. तूच म्हणाला होतास ना, सांभाळ म्हणून."

"यावर दोन लिहिलंय."

"दहापैकी दोन. तू त्याला दात लावला होतास. खरं तर एकच गुण दिला होता त्यांनी, मी अपील केलं."

"आणि दोन गुणांच्या पत्त्याला एवढं चिलखत?"

"त्याचा एक होऊ नये म्हणून," दादा अगदी मनापासून म्हणाला. वास्तूबाईने मान डोलावली. तिला हा युक्तिवाद पटला होता.

मुंगीने एक पेटी उलटीपालटी करून बघितली. "काका, हे उघडतं कुठून?"

"उघडायचं नसतं, बाळा."

"मग खेळायचं कसं?"

शेवटी मुंगीनेच तोडगा काढला. तिच्या पिशवीत खोक्याच्या पुठ्ठ्याचे पत्ते होते, बापाने आठवून आठवून चितारलेले. बैल गाढवासारखा दिसत होता आणि राणीला मिशा आल्यासारख्या वाटत होत्या. बाप-लेक साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी फरशीवर मांडी घालून बसले, आणि वहिनी बिलबुक मिटून त्यांच्यात जाऊन बसली. थोड्याच वेळात तिचं हसू ऐकू आलं. दुकानात हसू. दादाला आधी वाटलं, काही फुटलं.

मग आपणही खेळू म्हणून तो पाच स्लॅब घेऊन खाली बसला. पण पाच स्लॅब हातात पंख्यासारखे धरता येत नाहीत. दोन निसटले, एक पायाच्या अंगठ्यावर पडला. पिसायला गेला तर फरशा रचल्यासारखा आवाज आला. मुंगीने बराच वेळ सहन केलं. मग मोठ्या माणसाला वाईट वाटू नये अशा बेताने ती म्हणाली, "काका, असं करा, तुम्ही गुण मोजा. तुम्हाला ते चांगलं जमतं."

वहिनीने खाली मान घातली. दादाने गुण मोजले. दुसरं काय करणार? एक डाव झाला, दुसरा झाला. मग धाकट्याने घड्याळ बघितलं आणि उठला.

"चल मुंगे, निघू या."

"आणि तुझे पत्ते?" दादाने विचारलं.

"नेऊन काय करू दादा, न्हाणीघरात फरशी म्हणून बसवू?"

आवाज चढवला नव्हता त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. धाकटा पायांत बूट चढवत होता आणि दादाला स्पष्ट दिसत होतं की हा आता गेला की पुन्हा फोनवर हवापाणी. इतकी वर्षं ओल, ऊन, वाळवी, बोटं, सगळ्यांवर पाळत ठेवली, आणि नुकसान दारातून बूट घालून चाललं होतं.

तो कोठडीत गेला आणि पक्कड घेऊन आला.

त्या दोन गुणांच्या स्लॅबचा कोपरा पकडीत धरून त्याने दाबला. काही झालं नाही. वस्तू उत्तम दर्जाची होती, त्यानेच निवडली होती. दुसऱ्यांदा दात-ओठ खाऊन दाबला तेव्हा काडकन आवाज झाला, प्लास्टिकचा तुकडा उडून न्यायाधीशांच्या मेजावर आपटला आणि सागवानावर बारीकसा ओरखडा उठला. वास्तूबाईने तोंड उघडलं. दादाकडे बघितलं. मग तिला बाहेरच्या कमानीची पाहणी करायची आठवण झाली आणि ती निघून गेली.

पत्ता बाहेर आला तो एका कडेला चेपूनच. दोनाचा एक झाला. दादाने तो तसाच, उघड्या हाताने, मुंगीच्या बिस्किटाच्या हातात दिला.

"बाकीचे फोडायला मदत कर," तो धाकट्याला म्हणाला. धाकट्याने बूट काढले.

डाव पुन्हा मांडला तेव्हा चौघे होते. दादाच्या वाट्याला चिलखती कासव आलं. त्याने ते मोठ्या ऐटीत टाकलं. "याने समोरच्याचा हल्ला एका फेरीपुरता अडतो. अधिकृत नियमपुस्तकात तसं आहे. मी भाषांतर मागवलंय."

"नाही हो काका," मुंगी म्हणाली. "कासव तसं नसतं."

"मग कसं असतं?"

मुंगीने बापाकडे बघितलं. दादानेही बघितलं. कासव कुठल्या वर्षी छापलं, किती छापलं, शाई कुठे फिकी पडते, सगळं त्याला मुखोद्गत होतं. जिन्याच्या चौकात त्याचं काय करायचे, ते मात्र डोकं खाजवूनही आठवेना.

"तूच केला होतास हा नियम," धाकटा म्हणाला. "कासव पडलं की दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं आणि गप्प बसायचं. जो आधी हसेल तो हरला. आणि हरणाऱ्याने एक खरं सांगायचं."

"असला मूर्ख नियम मी केला होता?"

"आई आपल्याला रागावली होती त्या दिवशी. मी रडत होतो."

दोघे भाऊ समोरासमोर बसले. दादाने तोंड घट्ट मिटलं. यात त्याचा हात कोण धरणार? धाकट्याच्या कानशिलावर आता पांढरे केस होते, पण डाव्या भुवईची ती वळवळ तशीच होती. हसू दाबताना ती अशीच हलायची. दादाने दात आवळले, नाक फेंदारलं, आणि मग त्याच्या तोंडातून फुर्रकन आवाज निघाला. हसता हसता त्याला ठसका लागला, डोळ्यांना पाणी आलं आणि ते काही केल्या थांबेना. वहिनीने पाठीवरून हात फिरवला.

"काका हरले," मुंगीने जाहीर केलं. "आता खरं सांगा."

दादाने डोळे पुसले. "हे दुकान मी कार्डांसाठी नाही काढलं. तू परत यावंस म्हणून काढलं. मला तुझ्याशिवाय करमत नाही रे."

"ही तीन झाली," मुंगी म्हणाली. "एकच सांगायचं असतं."

फरशीवर पसरलेले पत्ते धाकट्याने एकेक करून गोळा केले, गुडघ्यावर आपटून सारखे केले आणि दादापुढे ठेवले.

"परत यायचं जमेल की नाही ते आत्ता नाही सांगता येत," तो म्हणाला. "नोकरी आहे, हिची शाळा आहे. पण सुट्टी लागली की येत जाईन. पत्ते इथेच असू देत. मी नसताना वहिनीशी खेळत जा, तुझी खेळायची सवय पार मोडलीय."