क्लॅरिनेटच्या पेटीतल्या गोळ्या

नवऱ्याच्या क्लॅरिनेटची रिकामी पेटी पुसायला म्हणून सुलतानबीनं झाकण उघडलं, तर आतली मखमल एका कोपऱ्यात फुगलेली. बोट घालून उचलली. खाली गोळ्या. रंग उडालेल्या, तोंडात जाऊन परत आलेल्या गोळ्या. सत्तावीस होत्या. दिवसाला तीन, म्हणजे नऊ दिवसांच्या.

नऊ दिवस ती कुलपातली बाटली काढून स्वतःच्या हातानं नवऱ्याला, गैबीला, गोळी देत होती, पाण्याचा तांब्या धरून समोर उभी राहत होती. आणि तो गोळी जिभेखाली धरून, पाणी पिऊन, मान हलवून दाखवत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खरं तर आगीच्या आधी भीती होती. गेल्या वर्षी, चौऱ्याहत्तरच्या थंडीत गैबी रंकाळा तळ्याच्या कठड्यावर अर्धा दिवस बसून राहिला होता, आणि ओळखीच्या टांगेवाल्यानं त्याला दंडाला धरून घरी आणला होता. जेवण तुटलेलं, झोप तुटलेली, पोरी गळ्यात पडल्या तरी ओळख नसल्यासारखा. डॉक्टरांनी मनाच्या आजाराच्या गोळ्या दिल्या तेव्हा तिला बजावलं होतं, "बाटली कुलपात ठेवा. एकदम खूप घेतल्या तर जिवावर बेततं." आता सत्तावीस कुलपाबाहेर होत्या. तिनं त्या पदरात गाठ मारून बांधल्या आणि तडक गंगावेस गाठली.

तिथं गैबी ज्यात वाजवायचा त्या इलाही मास्तरच्या बँडची खोली होती. लग्नसराई तोंडावर आलेली, ढोल-ताशांची तालीम जोरात. सुलतानबी दारात उभी राहिली आणि तालीम आपोआप थांबली. गैबी क्लॅरिनेट घेऊन बसला होता. पदराची गाठ बघूनच तो काय ते समजला आणि खाली बघत राहिला. बोलला तो मास्तर.

"भाभी, तापू नका. मीच सांगिटलं त्याला. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडती. थुकी न्हाय तर क्लारनेट कसलं डोंबलाचं वाजतंय? मुरगूडच्या वरातीत नुसतं किंचाळलं की. म्हटलं, लग्नसराईपुरत्या बंद कर. मग डबल घे आन् भरून काढ."

"तुमी डॉक्टर कवापास्नं झालासा, मास्तर?"

"आता बरा हाय की त्यो. बोलतोय, हसतोय."

"गोळ्यांनी बरा झाला म्हणून गोळ्याच बंद? छपराखाली भिजत न्हाय म्हणून छप्पर काढून टाकतासा व्हय?"

मास्तर स्वतःच्या ट्रंपेटचा एक स्क्रू दुसऱ्याला फिरवू देत नसे, आणि परक्याच्या डोक्याचे स्क्रू मात्र न विचारता ढिले करून बसला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. तोटा कुणाचा होईल याचा विचार असल्या माणसांना कधी शिवतच नाही.

"चला दोघंबी," ती म्हणाली. वीस माणसांसमोर बाईनं असा हुकूम सोडल्यावर काय करावं हे मास्तरला सुचेना, म्हणून तो निघाला.

लक्ष्मीपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी सगळ्यात आधी त्या गोळ्या काढून घेतल्या आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. मग गैबीला विचारलं, "झोप येते?"

"चार दिस न्हाय. पोटात ढवळतंय. दरदरून घाम सुटतोय."

"मला तर म्हणालास बरा हाय," मास्तर पुटपुटला.

"एकदम तोडल्या की असं होतं," डॉक्टर म्हणाले. "शिवाय जुना आजार पुन्हा डोकं वर काढतो. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला डबल घ्यायच्या नाहीत, कधीच नाही. आता थोड्यापासून पुन्हा चढवत जाऊ. बरं वाटलं तरी काही महिने चालू ठेवायच्या. बंद करायची वेळ मी सांगेन, तीही हळूहळू. आणि वरातीत कुणी आग्रह केला तरी दारूला हात लावायचा नाही." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "तोंड कोरडं पडतं हे सांगायचं नाही का? डोस बदलता येतो, गोळी बदलता येते."

गैबीनं पहिल्यांदा मान वर केली. "सांगिटलं की. हिला. दोनदा."

सुलतानबीला आठवलं. दोन्ही वेळा ती भाकरी थापत होती, आणि दोन्ही वेळा तिनं मागं न वळता म्हटलं होतं, तोंड कोरडं पडलं म्हणून कोण मरतं व्हय, गिळा गुमान. तासभर दुसऱ्यांना भाजून काढणारा राग फिरून तिच्याच अंगावर आला. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"व्हय डॉक्टर," ती म्हणाली. "मीच म्हटलं, गिळा गुमान."

बाहेर आल्यावर मास्तर घुटमळला. "भाभी, शुक्रवारी कुरुंदवाडचं लगीन हाय. दुसरा क्लारनेटवाला न्हाय माझ्याकडं."

"ह्यांच्या हातात झांज द्या."

"लोक हसतील की. एवढा नावाजलेला गडी झांज बडवतोय म्हणून."

"हसू देत. हीच माणसं जनाज्याला खांदा द्यायला आली असती. त्यापरास हसू देत."

मास्तर निघून गेला. ती तरातरा चालू लागली, पण गैबी पायरीपाशीच उभा होता.

"चला की आता," ती खेकसली.

"टाकून दिल्या असत्या तर तुला कळलंबी नसतं," तो म्हणाला. "साठवून का ठेवल्या, ते कुणीच इचारलं न्हाय."

सुलतानबी मागं वळली. तिनं त्याच्याकडं बघितलं, आणि या वेळी नीट बघितलं.

"मी इचारते," ती म्हणाली. त्याचा हात घट्ट धरून ती दवाखान्याच्या पायऱ्या परत चढू लागली.