डोक्यावरचा गूळ

या मायबाप, जरा पुढे सरकून बसा. ब्रह्मपुरीच्या एका सुपरमार्केटात घडलेली गोष्ट सांगतो. ऐकून जीव हलका होईल.

काउंटरवरच्या ज्योत्स्नाने तेलाची पिशवी बिलाच्या यंत्रासमोर धरली. टिक् वाजलं. मग चहाचा पुडा, मग उदबत्ती. समोर सुगंधाबाई उभ्या होत्या, गावच्या सप्ताहातल्या काल्याचा बाजार करायला आलेल्या. हातातलं सामान संपलं. डोक्यावरची टोपली मात्र तशीच राहिली, आणि तिच्यात दुकानातलाच गूळ, पोहे गच्च भरलेले. ट्रॉली ढकलणं बाईंना पटलं नव्हतं. जन्मभर बांधावरून ओझी वाहिलेली मान ती. डोक्यावर काही आहे हेच त्या विसरल्या होत्या.

ज्योत्स्नाचा हात थबकला. महिन्यात दोनदा तिच्या काउंटरवरून बिलाविना माल गेला होता. तिसऱ्यांदा गेला तर घरी बसायचं, असं मॅनेजर धनराज सकाळीच बजावून गेला होता. पण विचारायचं कसं? गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या म्हातारीला भर रांगेत चोर ठरवायचं?

मागून कोणी ओरडलं, "काऊन थांबली वो बाई? झोपली का?"

ज्योत्स्ना काउंटरबाहेर आली. बांधावर ओझेवाली भेटली की करतात, तसे तिने दोन्ही हात वर केले.

"माय, ओझं उतरवू द्या. घडीभर टेका."

बाईंनी सवयीने मान वाकवली. टोपली खाली आली, गूळ दिसला, आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"अवं माय! देवाच्या काल्याले चोरीचा गूळ नेऊन राह्यली होती मी!"

"त्याले चालते आजी," मागचा म्हणाला, "तो बी लोणीचोरच!"

"त्याले चालते, मले नाई. वाजव पोरी, सारं वाजव!"

रांग खदखदून हसली. सगळ्यांत मोठ्याने बाईच. तो गलका ऐकून धनराज धावत आला. तोवर पैसे चुकते झाले होते आणि भरली टोपली एकट्या ज्योत्स्नाला उचलवत नव्हती.

"पाहून काय राह्यले, भाऊ? धरा एक बाजू!" बाई म्हणाल्या.

धनराजने धरली. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाला टोपलीचा कोंडा लागला. त्याने तो झटकला नाही.

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना आली, तर काउंटरलगत एक रिकामं टेबल मांडलेलं होतं. शेजारी धनराज, बाह्या सारून, पिशव्या घेऊन आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाला म्हणत होता,

"या बाई, ओझं टेकवा. मी उतरवतो."

ज्योत्स्नाने हसू दाबत यंत्र सुरू केलं.

मायबाप, कधी मान अवघडेल आणि कोणी न विचारता हात पुढे करील, तेव्हा ज्योत्स्नाची आठवण करा.