राजा-मच्छिंद्र आर्ट

"मॅडम, एवढं रान मोकळं पडलंय, अन् तुम्हाला हीच भिंत घावली का?"

राजानंद बोलला हसतच, पण नजर वंदना मॅडमच्या चेहऱ्यावर होती. मॅडम स्टँडला कागद लावत म्हणाल्या, "काका, किती छान आहे बघा ना! जुनं गोडाऊन, पुसट अक्षरं, वर ते कापसाचं बोंड. अशी भिंत शोधून सापडायची नाही."

झालं! राजानंदच्या मनात पाल चुकचुकली. वडीगोद्रीच्या रस्त्यावरची ही बियाण्याची जाहिरात वीस वर्षांपूर्वी त्यानंच तर रंगवली होती, मच्छिंद्रबरोबर. चित्र राजानंदनं काढायचं, अक्षरं मच्छिंद्रनं लिहायची, असा जोडीचा रिवाज. ते बोंड राजानंदचंच. आणि या बाईला हे माहीत नसेल? बिलकुल खोटं! कुणीतरी कान भरले असणार, मुद्दाम आणलंय आपल्याला इथं.

फ्लेक्स आले तसा राजानंदचा कुंचला सुटला. बाप दिवसभर घरात कुढत बसतो म्हणून लेकीनं, ज्योत्स्नानं, त्याला या जालन्याच्या चित्रकारांत ढकललं होतं. चौघं जण, सगळे शाळांतले चित्रकलेचे शिक्षक. दर रविवारी बाहेर कुठंतरी जाऊन बसायचं, सगळ्यांनी समोरचं एकच दृश्य काढायचं आणि शेवटी कागद शेजारीशेजारी मांडून बघायचे, हा त्यांचा नेम.

राजानंदनं रंगाचे डबे उचलले आणि भिंतीकडे पाठ करून बसला. समोर तूर उभी होती. तीच काढायला घेतली.

या भिंतीकडे बघणं त्यानं सोडलं त्याला अकरा वर्षं झाली. खाली कोपऱ्यात जोडीचं नाव होतं, 'राजा-मच्छिंद्र आर्ट'. एके दिवशी मोटारसायकलवरून जाता जाता त्याला दिसलं, त्यातलं 'राजा' गायब! 'मच्छिंद्र आर्ट' तेवढं ठसठशीत. उतरावं, चार पावलं जाऊन बघावं? छे! गडी तसाच पुढं गेला आणि घरी पोचेपर्यंत निकाल लावून मोकळा झाला. मच्छिंद्रनंच खरवडलं. त्या दिवसापासून बोलणं बंद. मच्छिंद्र दोनदा दारात आला, "राज्या, झालं तरी काय?" म्हणत उभा राहिला. यानं कडी काढली नाही. मागच्या उन्हाळ्यात मच्छिंद्र वारला. हा मयतीलाही गेला नाही. संशयाला औषध नाही म्हणतात ते काय उगीच?

मागं कुजबुज चालली होती. रामप्रसाद सरांचा आवाज आला, "तो खालचा कोपरा नीट घ्या हं. खरी गंमत तिथंच आहे." मॅडम हसल्या.

राजानंदचे कान तापले. खालचा कोपरा म्हणजे नावच की! माझ्यावर हसून राह्यले. उठून चालू लागावं असं त्याला वाटलं. पण गेलो तर अजूनच हसतील म्हणून दात आवळून बसून राहिला. तुरीच्या शेंड्यांवर पिवळा रंग नुसता थापत गेला.

अकराच्या सुमाराला कडुनिंबाखाली कागद मांडले. "काका, या की," मॅडमनी हाक मारली. राजानंद गेला तो भांडायच्या तयारीनंच.

"सर, कोपऱ्यात काय गंमत हाय, जरा मला बी सांगा."

"अहो, हा ओघळ!" रामप्रसाद सरांनी स्वतःच्या चित्रावर बोट ठेवलं. "वर पत्र्याची पन्हाळ फुटलीय बघा. वर्षानुवर्षं पाणी उतरून भिंतीचा रंग धुऊन गेलाय, नुसता गंज राहिलाय. हे जमलं तर चित्र जमलं."

राजानंद वाकला. पन्हाळीतून एक तांबूस पट्टा सरळ खाली आला होता, थेट 'मच्छिंद्र'च्या डावीकडं. त्यानं दुसरा कागद बघितला. तिसरा बघितला, चौथा बघितला. चौघांचे हात निराळे, रंग निराळे. ओघळ मात्र तोच, आणि त्याच जागी.

"हे... खरंच हाय तिथं?"

"आम्ही दिसतं तेच काढतो, काका," मॅडम म्हणाल्या.

राजानंद चालत भिंतीपाशी गेला आणि उकिडवा बसला. आपल्या नावाच्या जागेवर त्यानं बोटं फिरवली. खरवडल्याचा एक ओरखडा नव्हता. बोटाला तांबडी भुकटी लागली. वर बघितलं तर फुटक्या पन्हाळीतून आभाळ दिसत होतं.

"मच्छिंद्रा," तो भिंतीला म्हणाला, "मी आलो न्हाई रे तुझ्या मातीला. पन्हाळ फुटली होती रे. नुसती पन्हाळ!" आणि म्हातारा ढसाढसा रडला.

बऱ्याच वेळानं मॅडम जवळ आल्या. "काका, ही भिंत तुमची आहे?"

"आमची. दोघांची."

"मग लिहा की नाव पुन्हा. रंग आहे तुमच्याजवळ."

राजानंदनं काळ्या रंगाचा डबा आणला. अक्षरं हे त्याचं काम कधीच नव्हतं. मच्छिंद्र टेकवायचा तशी त्यानं करंगळी भिंतीला टेकवली. उडत चाललेलं 'मच्छिंद्र' त्यानं सावकाश, काना-मात्रा सांभाळत गिरवून काढलं. मग कुंचला पुसला आणि डब्याचं झाकण लावलं.

"अन् तुमचं, काका?"

"राहू द्या," राजानंद म्हणाला. "तिथं पाणी येतं."