एर्विनच्या गाडीचा जुना सायलेन्सर

मी सायलेन्सर बोलतोय. हसू नका. ज्याचा जन्मच आवाज दाबायला झाला त्यानं तोंड उघडावं यातली गंमत मलाही कळते. पण छत्तीस वर्षं गप्प बसलो, आता बसवत नाही.

सध्या माझा मुक्काम एर्विन झिएम्बाच्या गॅरेजात आहे, छताच्या वाशाला तारेनं टांगलेला. एका बाजूला बर्फावरची घसरगाडी, दुसऱ्या बाजूला ख्रिसमसच्या झाडाची लोखंडी तिवई. आमच्या बे सिटी गावात जुन्या गाडीचा काढलेला भाग कुणी टाकून देत नाही. लागेल कधीतरी, म्हणतात, आणि टांगून ठेवतात. माझी दोन्ही तोंडं करवतीनं कापलेली आहेत. का, ते सांगतो. ते सांगायलाच तर बसलोय, म्हणजे लटकलोय.

मी मूळचा नव्हे. गाडी एकोणसत्तरची, गडद निळी, बोनेटखाली आठ सिलिंडरांचं धूड. तिचा पहिला सायलेन्सर हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात त्या मिठानं खाल्ला, मग सत्याऐंशी साली मी आलो. एर्विन तेव्हा तरुण होता. पत्र्याचे दरवाजे ठोकून काढणाऱ्या कारखान्यात कामाला होता, आणि एका शनिवारी सकाळी त्यानं स्वतःच्या हातानं मला डिकीखाली आडवा बसवला. काम कसं करावं याचा तो नमुना होता. आधी सगळे पाइप नुसते सैल टांगले, हलवून पाहिले, कशाला काही टेकत नाही ना याची खात्री केली, आणि मगच एकेक पट्टा पुढून मागे आवळत आला. हे लक्षात ठेवा. पुढे याच गोष्टीवरून मला कपाळाला हात लावायची वेळ आली. हात नाहीत म्हणून वाचलो.

माझं काम कुणाला दिसत नाही. इंजिनाचा रंग सगळे वाखाणतात, चाकांचे फोटो काढतात. डिकीखाली वाकून “वा, काय सायलेन्सर आहे” असं म्हणालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण दर रविवारी प्रार्थना आटोपली की एर्विन आणि त्याची बायको लोरेटा गाडी काढायचे, खाडीकाठच्या रस्त्यानं बे पोर्टला जाऊन मासळीचं सँडविच खायचे आणि परत यायचे. जाताना पन्नास मैलांचा वेग, येतानाही पन्नासचा. तेवढ्या वेळात जे बोलणं व्हायचं ते माझ्यामुळे होऊ शकायचं. मी नसतो तर त्या इंजिनानं दोघांना एक अक्षर बोलू दिलं नसतं.

बोलायची लोरेटाच. तिनं सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. चाळीस पोरांच्या कल्लोळावर चढून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा तिचा आवाज आहे. पण गाडीत ती हळू बोलते. घरात फोन असतो, टीव्ही असतो, शेजारचा ड्वेन मागच्या दारानं हाक न मारता आत येतो. गाडीत कुणी येत नाही. म्हणून मनातलं ती गाडीत बोलते, आणि मनातलं काही कुणी ओरडून सांगत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या वसंतात तिनं एक गोष्ट सांगितली. तिची धाकटी बहीण आयरीन त्या हिवाळ्यात गेली होती. शेवटचे नऊ दिवस लोरेटा तिच्या उशाशी होती, आणि नवव्या दिवशी तासाभरासाठी घरी आली. अंघोळ करायला, बाकी काही नाही. त्याच तासात आयरीन गेली. लोरेटानं हे आणखी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सांगून झाल्यावर ती काचेतून बाहेर पाहत म्हणाली, “माझं चुकलंच ना, एर्विन? मी जायला नको होतं.”

एर्विन रस्त्याकडे बघत छान हसला आणि म्हणाला, “हं.”

मी डिकीखाली थिजलो. गाडी पन्नासनं धावत होती आणि माझ्या पोटात दोनशे अंशांची धग होती, तरीही थिजलो. अरे माणसा, काय म्हणालास तू?

त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. चौतीस वर्षं त्या ठोकणाऱ्या यंत्रांपाशी उभं राहून त्याचे कान गेले होते. जाडाभरडा आवाज थोडाफार कळायचा, बारीक काही नाही. बाईमाणसाचं हळू बोलणं तर अजिबात नाही. पण कबूल करेल तो एर्विन कसला. त्यानं एक युक्ती शोधली होती. समोरच्याचे ओठ थांबले की मान हलवायची आणि “हं” म्हणायचं. बँकेत, चर्चमध्ये, जेवणाच्या टेबलावर, सगळीकडे ती खपून जात होती. लोरेटालाही कळत होतं की यानं ऐकलेलं नसणार. पण त्या दिवशीचं “हं” तिच्या मनात अडकलं ते अडकलंच. नंतर दोनदा तिनं तीच गोष्ट काढली, आणि दोन्ही वेळा उत्तर तेच आलं.

आता ऐका, या कानांचं खापर कुणावर फुटलं. यंदाच्या वसंतात एर्विननं गाडी बाहेर काढली, चालू केली आणि तोंड वाकडं केलं. ड्वेनला म्हणाला, हिचा आवाजच बसलाय, पूर्वी कशी गर्जायची, हा जुना सायलेन्सर आतून गंजून तुंबला असणार, गाडीचा गळा दाबतोय. मी! तुंबलोय! माझ्यातून वारा असा जात होता की पलीकडचं दिसावं. अरे बाबा, गाडी होती तशीच बोलतेय, तुझ्या कानापर्यंत पोचत नाही त्याला मी काय करू? पण सायलेन्सरचं कोण ऐकतो. पंधरा दिवसांत दोन लांबलचक खोकी दारात येऊन पडली. स्टीलचे चकचकीत नवे पाइप आणि एकाऐवजी दोन सायलेन्सर. त्यांना सायलेन्सर म्हणणं मला जिवावर येतं. आतून सरळ नळी आहे नुसती. आवाज एका तोंडातून घेतात आणि दुसऱ्यातून तसाच सोडतात, वर आणखी फुगवून.

त्याच सुमारास एका रविवारी लोरेटानं गाडीत विचारलं होतं, कानाच्या डॉक्टरीणबाईंची गुरुवारी दोनची वेळ घेऊ का. एर्विन म्हणाला, “हं.” तिनं लगेच घेतली.

त्या गुरुवारी दोन वाजायला वीस मिनिटं असताना एर्विन कुठे होता? माझ्याखाली, पाठीवर. गाडी चार लोखंडी घोड्यांवर उचललेली आणि याचा अवतार कोळशाच्या खाणीतून आल्यासारखा. गंजलेल्या बोल्टांनी सकाळपासून त्याच्या नाकी नऊ आणले होते. तेल सोडून झालं, गॅसच्या ज्योतीनं लाल करून झालं, तरी एकाचं डोकं तुटलंच. पाइप मागच्या आसावरून वाकून आलेले असल्यामुळे मी काही सरळ सुटेना. मग ड्वेननं करवत आणली. माझी दोन्ही तोंडं कापली गेली आणि मी धाडकन एर्विनच्या छातीशी पडलो. सत्याऐंशीत यानंच मला बाळासारखा अलगद वर धरला होता.

लोरेटा दारात उभी होती. चर्चला जातानाचा कोट घातलेला, हातात गाडीच्या किल्ल्या. ती म्हणाली, “दोनची वेळ आहे आपली. तू हो म्हणाला होतास.”

खालून आवाज आला, “कसली वेळ? मी कुठे हो म्हणालो?”

तिनं त्याच्या बाहेर आलेल्या बुटांकडे बघितलं. “तीन वर्षं मी या गाडीत एकटीच बोलतेय, एर्विन,” ती हळूच म्हणाली.

“काय? तो अकराचा पाना दे जरा, तुझ्या पायाशी आहे बघ.”

तिनं पाना दिला. मग आत जाऊन कोट काढला आणि दवाखान्यात फोन करून येत नाही म्हणून कळवलं. ड्वेन करवतीचं पातं पुसत बसला. त्याच्यानं वर बघवलं नाही. मी जमिनीवर कापलेल्या तोंडानं पडलो होतो. त्या दिवशी मला जेवढा राग आला तेवढा कधी आला नसेल, आणि तो माझ्या तोंडांसाठी नव्हता.

पुढचे दोन दिवस मी वाशावरून तमाशा बघितला. खोक्यात एक कागद होता. सगळं आधी सैल टांगा, जुळवा, मगच आवळा असं त्यावर चित्रासकट लिहिलं होतं. एर्विननं त्यावर कॉफीचा पेला ठेवला. ड्वेन सांगत होता की थांब, आत्ताच आवळू नकोस, मागचा पाइप आसाला टेकेल. तो तीन वेळा म्हणाला. एर्विन तिन्ही वेळा “हं” म्हणाला आणि आवळत गेला. छत्तीस वर्षांपूर्वी जे काम त्यानं देवपूजेसारखं केलं होतं, त्याचं हे असं मातेरं.

रविवारी गाडी सुरू झाली आणि माझी तारसुद्धा थरथरू लागली. एर्विनच्या चेहऱ्यावर मात्र असा आनंद की बघवेना. कित्येक वर्षांनी त्याला त्याची गाडी ऐकू आली होती. त्याला बोल लावताना हे मी विसरत नाही. लोरेटा शेजारी बसली, दोघं बे पोर्टला गेले. पुढचं मला दुसऱ्या दिवशी तिनं ड्वेनच्या बायकोला सांगितलं त्यावरून कळलं. नेमक्या पन्नासवर ते नवे पाइप एकसुरी घुमू लागायचे, दात हलावेत असं. तिनं दोन वाक्यं बोलून पाहिली, आपलंच आपल्याला ऐकू येईना, तेव्हा गप्प बसली. सँडविच खाऊन झाल्यावर ती गाडीत चढलीच नाही. चर्चमधल्या ओळखीच्या एका जोडप्याबरोबर परत आली.

एर्विन एकटाच घरी आला. गल्लीत वळला तशी लोकं खिडकीत आली, कारण गर्जनेच्या वर आता आणखी एक आवाज होता. पाइप आसावर आपटत होता, बारीक आणि कर्कश, खणखण खणखण. ड्वेन धावत आला आणि हातवारे करत ओरडला की बंद कर, तो पाइप आपटतोय, ऐकू नाही येत का तुला?

एर्विन खाली उतरला. वाकून त्यानं मागच्या बंपरवर तळहात ठेवला. ठोके त्याच्या हाताला लागत होते. त्यानं मान कलती केली, एक कान खाली नेला, मग दुसरा. हात ठोके मोजत होता आणि कानाला काहीच नव्हतं. लोरेटा पायरीवर उभी होती. त्यानं ड्वेनच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग तिच्या. मग त्यानं किल्ली फिरवून गाडी बंद केली.

“गुरुवारची ती वेळ,” तो म्हणाला, “परत मिळेल का?”

मिळाली. ऑगस्टात कानांमागे शेंगदाण्याएवढी दोन यंत्रं आली. गॅरेजात येऊन त्यानं ऐटीत गाडी चालू केली आणि विंचू चावल्यासारखा बंद करून बाहेर आला. मग त्यानं वर, माझ्याकडे बघितलं. शिडी लावली, मला खाली काढलं, आतून फुंकर मारली. फुंकर थेट पलीकडे गेली.

“हा कुठे तुंबला होता?” तो स्वतःशीच म्हणाला.

इतके दिवस मी काय सांगत होतो! पण जाऊ दे. त्यानं माझी कापलेली तोंडं टेपनं मोजली, नंतर पाइप जोडणाऱ्या एका कारागिराला फोन केला. जोडाचे तुकडे घालून मला परत बसवता येईल असं तो म्हणाला, पण पुढच्या महिन्यात, कारण हातातली कामं बरीच आहेत. पुढचा महिना कधीच उलटून गेला. रोज सकाळी गॅरेजचं दार उघडलं की मी कान टवकारतो, आणि एर्विन गवत कापायचं यंत्र घेऊन निघून जातो. या घरात कुठलंही काम वेळेवर होईल तर शपथ.

पण एक रविवार सांगतो आणि तुम्हाला सोडतो. बे पोर्टला जाणं बंद झालेलं. दुपारी लोरेटा थर्मास घेऊन गॅरेजात आली आणि नेहमीच्या जागी गाडीत बसली. एर्विन शेजारी बसला. सवयीनं त्याचा हात किल्लीकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यानं किल्ली काढून खिशात टाकली.

“आयरीनचं काहीतरी सांगायचीस तू,” तो म्हणाला. “पहिल्यापासून सांग.”

तिनं सांगितलं. नऊ दिवस, तो एक तास, ती अंघोळ. तिच्या हातातल्या झाकणातली कॉफी गार झाली. त्यानं विचारलं, “हे तू मला आधी सांगितलं होतंस?”

“तीनदा.”

“मी काय म्हणालो?”

“माझं चुकलं ना, असं मी विचारलं. तू हं म्हणालास.”

एर्विनचा चेहरा मला वरून दिसत नव्हता. मागच्या काचेतून खांदे दिसत होते. त्यानं तिच्या हातातलं झाकण काढून घेतलं आणि तिचा हात धरला. “नाही, लोरेटा,” तो म्हणाला. “नाही. तुझं काही चुकलं नाही.” लोरेटा तीन वर्षांचं रडली, आणि तो ते ऐकत बसला.

तेव्हा एवढंच मागणं आहे. गाडीखाली करवत घेऊन शिरण्याआधी एकदा स्वतःचे कान तपासून घ्या. आणि ज्याला “हं” म्हणताय, त्यानं काय विचारलं तेही एकदा विचारून घ्या. मला परत बसवतील न बसवतील, त्या कारागिराचं काही खरं नाही. आयरीनची ती गोष्ट मला तोंडपाठ होती. तरी त्या दुपारी मी पहिल्यांदाच ऐकतोय असा गप्प राहिलो. तेवढं काम मला अजून येतं.