अप्पांना हाक

सुलक्षणाने दोन्ही काडतुसं टेबलावर उभी केली, तर त्यातलं एक आडवं पडलं आणि वरदाच्या कपाकडे घरंगळत गेलं.

वरदाने काडतूस उचलून पुन्हा जागेवर ठेवलं. यॉर्कशरच्या त्या भागाला रात्रीसाठी वादळाचा इशारा होता. प्राणिउद्यानाचं फाटक दुपारीच बंद करून बघायला आलेल्या माणसांना घरी पाठवलं होतं. जनावरंही आपापल्या पक्क्या खोल्यांत गेली होती. सगळी गेली, फक्त अप्पा गेले नव्हते.

अप्पा म्हणजे अस्वल. चांगलं थोराड, तपकिरी, कागदोपत्री नाव ब्रूनो. पूर्व युरोपातल्या कुठल्याशा हॉटेलच्या अंगणात अर्धं आयुष्य पिंजऱ्यात काढून ते इथे आलं, तेव्हा अन्नाला तोंड लावत नव्हतं. उद्यानाच्या डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे नागपूरच्या सुलक्षणाने, रोज जाळीपाशी बसून त्याला खायला लावलं. त्याची ढेरी आणि तो जन्माचा गंभीर चेहरा बघून तिला आपले थोरले काका आठवले. शिवाय जंगलाकाठच्या माणसाने असल्या थोरामोठ्यांना अरेतुरे करायचं नसतं, म्हणून ती त्याला अहोजाहो करू लागली. ‘अप्पा, या ना जी’ एवढं ऐकलं की स्वारी असेल तिथून उठून येई. मात्र डोक्यावर छप्पर दिसलं की तिथे पाय टाकायचा नाही, हा अप्पांचा हट्ट होता. आजही सकाळपासून मध झाला, मासे झाले, सफरचंदं झाली. अप्पांनी दाराचा वास घेतला आणि पाठ फिरवली.

आणि कुंपणाबाहेर एक जुनं झाड कुंपणावरच कललेलं होतं. ते कापणारी माणसं सोमवारी येणार होती. झाड पडलं तर कुंपण जाणार, कुंपण गेलं तर अप्पा बाहेर, आणि उताराच्या तळाशी गाव. अस्वल बाहेर पडलं तर गोळी घालायची, असा उद्यानाचा नियम होता. गावात पोरंबाळं राहत होती, त्यामुळे नियम करणाऱ्याला नावं तरी कशी ठेवणार? बेशुद्धीच्या इंजेक्शनचा विषय सुलक्षणानेच काढला होता आणि तिनेच मिटवला. औषध चढेपर्यंत घाबरलेलं अस्वल कुठल्या कुठे गेलं असतं.

वरदा इंग्लंडातच, वॉटफर्डला जन्मलेली, पन्नाशीची, सुट्टी मिळाली की स्कॉटलंडात हरणांच्या शिकारीला जाणारी बाई. उद्यानातल्या बंदुका तिच्या ताब्यात असत. तिने दोन्ही गोळ्यांचे गुण-दोष सांगितले. हलकी गोळी हरणाची. ती आत शिरताच फुलते आणि आतच राहते, पण अस्वलाच्या खांद्याच्या हाडावर तिचे तुकडे होतील आणि जनावर जखमी होऊन पळेल. जड गोळी हाड मोडून पार हृदयापर्यंत जाते, पण दुसऱ्या अंगाने बाहेरही पडू शकते. म्हणजे जनावराच्या मागे कोण आहे ते आधी बघायला हवं. आता हाड किती जाड, चरबी किती, हृदय नेमकं कुठे, हे डॉक्टरने सांगायचं.

सुलक्षणाने ते सांगितलं, वर्गात शिकवावं तसं. गेल्या वर्षी अप्पांचा किडका दात काढताना तिने त्याच छातीला कान लावला होता, हे मात्र ती बोलली नाही.

“जड,” ती म्हणाली. “हलकीने हाल होतील.”

वरदाने मान हलवली आणि हलकं काडतूस डबीत परत टाकलं.

तेवढ्यात रघुवीरचा फोन आला. नवरा लीड्सला सॉफ्टवेअरमध्ये, आणि सकाळपासूनचा हा त्याचा चौथा फोन. तिकडे नागपुरात सासूबाई देव पाण्यात घालून बसल्या होत्या, कारण मुलाने काही म्हणजे काही पोटात ठेवलं नव्हतं.

“सुलू, लिसन. यू आर अ व्हेट. शूट करणं तुझ्या जॉबमध्ये नाहीये. सरळ नो म्हण ना.”

बघते, म्हणून तिने फोन ठेवला. उन्हाळ्यात दुसरा नेमबाज हवा म्हणून तिनेच हौसेने नाव दिलं होतं. पुठ्ठ्याच्या अस्वलावर तिचा नेम असा बसला की वरदाने पाठ थोपटली होती. पुठ्ठ्याचं अस्वल हाक मारल्यावर येत नाही, हे तेव्हा सुचलं नव्हतं. आता तिला भीती वाटत होती. चाप ओढता आला नाही तर काय, याची होती, आणि ओढता आला तर काय, याची त्याहून जास्त.

“वरदाताई, माझ्याच्याने नाही होणार.”

“तुला नाही शूट करायचं. ते मी करणार.”

सुलक्षणाने इतका मोठा श्वास सोडला की तिचं तिलाच हसू आलं. ती खुर्चीत टेकून बसली.

“तुला त्याला बोलवायचं आहे,” वरदा म्हणाली. “तो तुझी हाक ऐकून येते. माझी नाही ऐकत. बाहेर सुटला तरी तुझ्याकडेच येणार. तू टेकडीजवळ उभी राहायचं. तो आडवा उभा राहिला पाहिजे, मागे फक्त टेकडी पाहिजे. मग एकच गोळी.” तिने जड काडतूस स्वतःकडे ओढलं. “सॉरी. मला हे मराठीत नीट बोलता येत नाही.”

“नीटच बोललात.”

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. सुलक्षणाला पहिल्यांदा वाटलं, आजपासून हाक मारायचीच नाही. मुकाट्याने खाणं टाकायचं आणि निघून यायचं, विसरू देत त्यांना आपला आवाज. पण ती डॉक्टर होती. अप्पा आले नाहीत तर वरदाला अंधारात पळत्या अस्वलावर गोळी झाडावी लागेल, मिळेल त्या बाजूने, मागे गाव असताना. ती गोळी कुठे लागेल आणि मग अप्पा किती वेळ ओरडत फिरतील, हे तिला वरदापेक्षा चांगलं कळत होतं. त्यांच्यावर माया असेल तर हाक मारायलाच हवी होती.

उजेड होता तोवर दोघी सरावासाठी बाहेर गेल्या. वरदा दुर्बीण घेऊन उंचवट्यावर थांबली. सुलक्षणा टेकडीच्या बाजूला जाळीपाशी उभी राहिली. तिने खिशातून सफरचंद काढलं.

“अप्पा, या ना जी.”

झुडपं हलली. अप्पा आले, नेहमीसारखे डुलत, आणि तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. वरदाने वरून हात हलवून खूण केली, असं नको. सुलक्षणा सफरचंद दाखवत जाळीच्या कडेकडेने चालू लागली. अप्पाही तिच्याबरोबर वळले. आता त्यांची सबंध कूस वरदासमोर होती आणि पलीकडे नुसती टेकडी. ती थांबली तसे तेही थांबले. तिने सफरचंद आत टाकलं. वरदाने बोट फिरवलं, आणखी एकदा. अंधार पडेपर्यंत तिने हे पुन्हा पुन्हा करून घेतलं. शेवटी पक्क्या खोलीचं दार उघडून एकदा आत बोलावून पाहिलं. अप्पांनी वास घेतला आणि पाठ फिरवली.

रात्री वादळ आलं आणि गेलं. गावातल्या दोन घरांची कौलं उडाली, पण झाड पडलं नाही. मुळांपाशी मात्र जमीन आणखी फाटली होती. रस्ते बंद असल्यामुळे कापणारी माणसं आता आठवडाभर येणार नव्हती, आणि शुक्रवारी दुसरं वादळ होतं.

सकाळी ती खाण्याची बादली घेऊन जाळीपाशी गेली. हाक मारण्याचा धीर अजून होत नव्हता, म्हणून ती नुसती उभी राहिली. चिखलातले तिचे बूट वाजले असावेत. झुडपांतून अप्पा आले. तिच्याकडे तोंड न करता ते आपणहून वळले आणि कालच्यासारखी टेकडी पलीकडे ठेवून, उंचवट्याकडे कूस करून आडवे उभे राहिले. मान तेवढी तिच्याकडे वळवून ते वाट पाहू लागले.

उंचवट्यावर वरदा आली होती. तिने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि खाली घेतली.

सुलक्षणाने बादलीत हात घातला. सफरचंद दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा तिने ते घट्ट धरून जाळीतून आत सोडलं.

“शाब्बास, अप्पा,” ती म्हणाली.