मार्तंडचं सॉरी

साम्राज्यं शब्दांनी बुडतात. तोफा, तलवारी, आरमार हा सगळा नंतरचा देखावा. त्याआधी कुणीतरी एक शब्द बोलून गेलेला असतो आणि सिंहासन तिथेच खचलेलं असतं. हे मी दीर्घ अभ्यासानंतर सांगतो आहे. अभ्यास म्हणजे शहात्तर सालचा उन्हाळा, आणि साम्राज्य म्हणजे नागपूरच्या आमच्या सरकारी ऑफिसातलं आनंदराव रामटेके यांचं टेबल. त्याचा एक पाय तसाही जुन्या रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर उभा होता.

आनंदराव आमचे हेडक्लार्क. आम्ही त्यांना बडेबाबू म्हणायचो. वय पंचावन्न, नोकरी एकतीस वर्षं. वडील गिरणीत गाठी उचलायचे. टेबलामागे बसलेला त्यांच्या घराण्यातला हा पहिला माणूस. छप्पनमध्ये त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून शकुन-अपशकुन हा विषय त्यांच्यापुरता संपला. ऑफिसात कुणी शिंकलं की बाकीचे हातातलं काम थांबवायचे. आनंदराव मुद्दाम त्याच क्षणी सही ठोकायचे. आणि वर शिंकणाऱ्याकडे एक नजर.

फेब्रुवारीत मार्तंड देशकर नावाचा नवा क्लार्क आला. वय सव्वीस, भांग नीट, चप्पल वाजायची नाही. आधी तो एका मिशनच्या शाळेत टायपिस्ट होता, सिस्टर डिंफ्ना नावाच्या आयरिश बाईंच्या हाताखाली. सहा वर्षांत टायपिंगबरोबर त्यानं बाईंची एक सवय उचलली होती. तो सॉरी म्हणायचा.

चूक झाली म्हणून नव्हे. टाचणी मागायची असली तर सॉरी. कुणाच्या मागून जायचं असलं तर सॉरी. दुसऱ्यानं त्याच्या पायावर पाय दिला तर हाच सॉरी. एकदा कपाटाला खांदा लागला तेव्हा कपाटालाही म्हणाला.

आता आमच्या खात्यात माफी ही तोंडी द्यायची गोष्ट नव्हती. वरून खुलासा मागवला जाई, मग आपण तीन प्रतींत दिलगिरी लिहून देऊ, आणि तिची एक प्रत सेवापुस्तकात आपल्याबरोबर म्हातारी होई. कुणी उगाच, फुकट, उभ्या उभ्या माफी मागतो हे आम्ही पाहिलं नव्हतं. पहिला आठवडा हसण्यात गेला.

मग टायपिस्ट श्रीधरनं त्याच्या पायावर पाय दिला. मार्तंड म्हणाला, "सॉरी." तिसऱ्या दिवशी श्रीधरची भिवापूरला बदली झाली.

विश्वनाथ शिपायाकडे पाणी मागताना मार्तंड म्हणाला, "सॉरी, एक ग्लास मिळेल का?" त्याच संध्याकाळी सीताबर्डीवर विश्वनाथची सायकल गेली.

"योगायोग आहे," मी म्हणालो.

"तुमची गेली असती तं योगायोग म्हनलं असतं का साहेब?" विश्वनाथनं विचारलं.

आणि मार्चमध्ये भैय्याजी. आमच्यातले सगळ्यात जुने. मार्तंडनं त्यांच्याकडे शाईचा पॅड मागितला, सॉरी म्हणून. आठव्या दिवशी भैय्याजींना पत्र आलं.

त्या पत्राबद्दल सांगायला हवं. आणीबाणी चालू होती. लोक चहा पितानासुद्धा हळू बोलत. पंचावन्नी गाठलेल्या नोकरदारांची सेवापुस्तकं वरच्या ऑफिसात तपासली जात होती, आणि ज्याची गरज नाही असं ठरे त्याला सक्तीनं घरी पाठवणारं पत्र येई. पत्रात कारण नसे. भैय्याजींनी ते दोनदा वाचलं, टोपी घातली, डब्यातलं जेवण तसंच ठेवून गेले. डबा नंतर विश्वनाथनं पोचवला, पायी.

त्या दिवसापासून सॉरीवर कुणी हसलं नाही.

मार्तंडची खुर्ची साहेबांच्या केबिनच्या दाराशी होती आणि शेजारी ऑफिसातला एकुलता एक कूलर. एप्रिलच्या नागपुरात वाळ्याच्या ओल्या टट्ट्यांतून येणाऱ्या हवेसाठी माणसं एकमेकांची नाती तोडतात. आमचे लोक एकेक करून तिथून उठले आणि पलीकडच्या तापलेल्या भिंतीला पाठ लावून बसले. कूलर मार्तंडला एकट्याला हवा घालत राहिला. तो आमच्याकडे बघून ओशाळवाणं हसे. त्याच्या ओठांचा आकार बदलताना दिसला की आम्ही माना खाली घालायचो.

पुढची यादी तीस एप्रिलला येणार होती. पंचावन्नचे आता एकटे आनंदराव उरले होते.

"मी हे मानत नाही," ते मला म्हणाले. "आपल्याले बुद्धी कायले देली? बिचारं पोरगं सभ्य आहे, बस."

"बरोबर आहे."

"पन माझं टेबल जरा रेकॉर्ड रूममदी हलवा. उजेड चांगला आहे तिथं."

रेकॉर्ड रूमला खिडकी नव्हती.

घरी मुलगी लतिका मॅट्रिकला होती, आणि क्वार्टर सरकारी. पण त्याचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. "घरी जाईन, काई हरकत नाही," ते एकदा फायलीवरची धूळ बोटानं पुसत म्हणाले. "पन काढून टाकला, असं कोनी म्हनाले नाही पाहिजे गा. बाप गाठी उचले, त्यालेबी कोनी काढलं नव्हतं."

एका रविवारी ते सायकल घेऊन माझ्या दारात उभे राहिले. मुळाशी जायचं म्हणाले. आम्ही सिस्टर डिंफ्नांकडे गेलो. उंच, वाळक्या, उन्हानं लाल झालेल्या बाई. तीस वर्षं इथे काढून हिंदी बोलायच्या, तीही आपली खास.

"सॉरी, आप को धूप में आना पड़ा," त्या फाटकातच म्हणाल्या. आनंदरावांचा चेहरा उतरला. "सॉरी, ये कुर्सी थोड़ा हिलता है. सॉरी, पानी ठंडा नहीं."

आनंदरावांनी सरळ विचारलं, हे सॉरी काय प्रकरण आहे.

बाई खुलल्या. त्यांच्या आयर्लंडात सगळेच म्हणतात, म्हणाल्या. दुकानात शिरणारा सॉरी म्हणतो, दुकानदार उलट सॉरी म्हणतो. दोघं एकाच दारातून जायला लागले तर दोघंही. रस्त्यात गाय उभी असेल तर गायीला. एकदा त्यांच्या गावात मयताच्या खांदेकऱ्यांनी वाट मागताना समोरच्याला सॉरी म्हटलं होतं, आणि त्या माणसानं पेटीला.

"लेकिन मतलब क्या होता है?" आनंदरावांनी विचारलं.

कुठेतरी पंप चालू होता, तो बंद झाला.

"मतलब तो मालूम नहीं," त्या म्हणाल्या. "सॉरी."

परतताना आनंदराव सायकलवर न बसता ती हातात धरून चालत होते.

"चौदा," ते म्हणाले. "चौदा खेप म्हनली मले. तुम्हाले दोनच."

"काहून मोजले बडेबाबू? तुम्ही तर मानत नाही."

"मानत नाही," ते म्हणाले. "मोजले."

तीस तारखेला सकाळी अकराला वरच्या ऑफिसचा जमादार लाखेचा शिक्का मारलेलं पाकीट घेऊन आला आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेला. दार बंद झालं. थोड्या वेळानं साहेबांनी मार्तंडला आत बोलावलं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक कागद होता.

तो आमच्याकडे निघाला. भिंतीजवळच्या प्रत्येकाला काही ना काही आठवलं. दोघे पाणी प्यायला गेले. मी खाली वाकून नसलेली टाचणी शोधली. विश्वनाथ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हतं. मार्तंड अर्ध्या वाटेवरून परत फिरला. बाराला पुन्हा निघाला, पुन्हा फिरला. दोनला पुन्हा. दर वेळी कागद त्याच्या हातात होता आणि दर वेळी त्याची मान रेकॉर्ड रूमच्या दाराकडे वळत होती.

साडेतीनला तो सरळ तिकडे चालू लागला. त्या खोलीला दार एकच. आम्ही आपापल्या जागी उभे राहिलो, का ते माहीत नाही. भैय्याजी गेले तेव्हा कुणी उभं राहिलं नव्हतं, म्हणून असेल.

आनंदराव टेबलामागे ताठ उभे होते. शर्ट पाठीला चिकटलेला.

"सॉरी, बडेबाबू," मार्तंड म्हणाला.

"थांबा." आनंदरावांनी हात वर केला. मग खिशातून चौघडी कागद काढून टेबलावर ठेवला. "हा माझा अर्ज. स्वेच्छेनं सोडून राहिलो मी. एकतीस वर्षं झाली, एक फाईल गहाळ नाही, एक दिवस उशीर नाही. हे टेबल मी स्वतः सोडून राहिलो, कोनी काढलं नाही. एवढं सायबाले सांगा. अन् तुमचा कागद आता वाचू नका."

मार्तंडनं अर्ज उघडून वाचला.

"पण बडेबाबू, यादीत आपल्या ऑफिसातलं कुणीच नाही," तो म्हणाला. "साहेबांनी अकरालाच सांगितलं. सगळ्यांना सांगून ये म्हणाले. मी चार वेळा निघालो, पण तुम्ही सगळे इतके कामात होता..."

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. विश्वनाथ पुन्हा कॅलेंडरकडे वळला.

"अन् तो कागद?" आनंदरावांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"हा वाळ्याच्या नव्या टट्ट्यांचा मागणीअर्ज. कूलरच्या सडल्या आहेत. हेडक्लार्कची सही लागते."

आनंदरावांनी आपला अर्ज त्याच्या हातातून घेतला, होत्या त्याच घड्यांवर पुन्हा दुमडला आणि खिशात ठेवला. मग ते खुर्चीत बसले, मागणीअर्ज समोर ओढला आणि खिसा चाचपला. पेन नव्हता; त्या दिवशी बहुधा त्यांना तो पुन्हा लागेल असं वाटलं नव्हतं. मला नेमकी तेव्हाच शिंक आली. त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच, शिंक पूर्ण विरेपर्यंत, थांबले.

"सॉरी, मार्तंड," आनंदराव म्हणाले, "जरा तुमचा पेन देता का?"