उकळत्या चंबूतला तो

मी अमरावतीच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेतली भुकटी बोलतेय. दिसायला बारीक वाळूच, फक्त सुरुवातीला पिवळसर होते. तो पिवळेपणा माझा नव्हता, त्याचा होता.

तो म्हणजे पॅलेडियम, मोठा महागडा धातू. दोन रसायनं जोडून तिसरं घडवायला तो मदत करतो. अशा मदतनीसाला उत्प्रेरक म्हणतात. पण मोकळा सोडला तर तो द्रावात मिसळून जातो, पुन्हा हाती लागत नाही. म्हणून इथे संशोधन करणाऱ्या अकोटच्या प्रणालीने त्याला माझ्या कणाकणाला बांधलं. काम झालं की मला गाळायचं, धुवायचं आणि पुन्हा वापरायचं.

ती औषधासाठीचा कच्चा माल बनवत होती. माणसाच्या पोटात जाणारी वस्तू. तिच्यात धातू उतरून चालणार नव्हतं. ‘धातू सुटत नाही’ या एका वाक्यावर तिची पीएच.डी. उभी होती.

गाळायची वेळ आली की लॅबमधले शिपाई जानराव हटकायचे.

"काहून घाई करून राहिली वं? थंडं होऊ दे. मांगच्या खेपेले केवढा फोड आला तुले! लग्नात मेंदी काय फोडावर काढशीन?"

"काका, माह्या मेंदीचं तुमालेच जास्त पडलं!"

ती हसायची, पण थांबायची. चंबू ओल्या फडक्यावर ठेवून गार करायची.

आत काय चालायचं ते मलाच ठाऊक. उकळत्या द्रावात तो गाठ सोडून निघून जायचा. मी रिकामी गरगरत राहायचे. चंबू निवू लागला की अंगावर हळूच काहीतरी येऊन बसायचं. तोच असायचा, पण पूर्वीच्या जागी नाही. गाळलेला द्राव मग स्वच्छ निघायचा. माझं अंग मात्र काळवंडत चाललं होतं.

परवा तिच्या मार्गदर्शक नीलम मॅडम माझा रंग बघून थबकल्या.

"गरम असतानाच गाळतेस ना गं?"

"नाही मॅडम, थंड करून."

"आज काम अर्ध्यावर असतानाच गाळ, उकळतं. भुकटी बाहेर काढ आणि नुसता द्राव तापत ठेव."

मी गाळणकागदावर पडून बघत होते. चंबूत काचेसारखा नितळ द्राव. धातू माझ्यासोबत बाहेर आला असेल, तर आता काम थांबायला हवं होतं. प्रणालीने एक थेंब चाचणीच्या पट्टीवर टेकवून निळ्या दिव्याखाली धरला. तयार मालाचा ठिपका दिसला. थोड्या वेळाने पुन्हा थेंब घेतला. ठिपका वाढला होता. मी बाहेर असूनही आत काम चालूच होतं.

"आंदर कोन हाय वं?" जानरावांनी विचारलं.

प्रणालीने चंबूखालची आच बंद केली. मग म्हणाली, "मॅडम, माझं वाक्य खोटं आहे. मी ते काढते."

आता मी कपाटातल्या बाटलीत आहे. प्रणाली दुसऱ्या भुकटीवर धातू बांधतेय, गाठ आणखी घट्ट करून. ती टिकेल का, मला सांगता येत नाही. पण पोरी, त्या नव्या भुकटीला गार झाल्यावर विचारू नकोस. गार झाल्यावर आम्ही सगळ्या खऱ्याच दिसतो.